सांगवीची एकडोळी गाडी

१. चारीतले पेढे

मोहनरावांची पांढरी गाडी चारीत उतरली तेव्हा तिचा डावा दिवा लख्ख पेटलेला होता आणि उजवा मिटलेला.

लेकीचा, सुप्रियाचा साखरपुडा आटोपून सगळे इंदापूरहून सांगवीला परतत होते. तिन्हीसांज झाली होती. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याला एकच दिवा दिसला, तोही रस्त्याच्या कडेचा. मोटारसायकल असेल असं समजून तो निवांत मधोमध येत राहिला. गाडी चालवत होता मोहनरावांचा पुतण्या दिग्विजय. त्यानं ऐनवेळी स्टिअरिंग डावीकडं मारलं, ट्रॅक्टर चाटून गेला आणि गाडी पाण्याच्या चारीत बसली. कुणाला खरचटलंही नाही. इंदापूरकरांनी दिलेला पेढ्यांचा बॉक्स मात्र वाहून गेला, आणि त्याचं दुःख मला आजही आहे, कारण त्यातले निम्मे पेढे माझ्याकडं येणार होते.

ही सगळी हकिगत मोहनरावांनी मला माझ्या दवाखान्यात, खुर्चीवर आडवं पडून, आ वासून सांगितली. मी बारामतीत दातांचा डॉक्टर आहे, नाव चिंतामण. तोंडात आरसा आणि कापूस असताना माणूस काय बोलतो ते मला बिनचूक समजतं. हे कसब मला बायकोशी बोलताना कधी उपयोगी पडलेलं नाही, तो भाग वेगळा.

"कुणीतरी मुद्दाम करतंय, डॉक्टर," चूळ भरून मोहनराव म्हणाले. "गॅरेजला न्हेली की चार दिस लाईट झ्याक. मग पुन्ना येरे माझ्या मागल्या. बलब बदलला, फ्यूज बदलला, आख्खा दिवा नवा बसवला. आन् कोन करतंय ते बी मला ठाव हाय."

"कोण?"

"आमचा दिग्विजय. वरीसभर माझ्या मागं लागलाय, तात्या, गाडी बदला, तात्या, गाडी बदला. मी ऐकंना, म्हनून दिवं बिघडवतोय. काल त्येला तोंडावर इचारलं. पिशवी उचलली आन् माळेगावला दोस्ताकडं निघून गेला."

"अहो, परवा लग्न आहे ना?"

मोहनरावांचा चेहरा पडला. "त्येच तर. सुप्रिया अडून बसलीय. म्हनती, दादा गाडी चालवनार असंल तरच मी इंदापूरला जानार. न्हायतर मांडवातनं हलनार न्हाय."

दिग्विजय म्हणजे मोहनरावांच्या थोरल्या भावाचा मुलगा. बाप लहानपणीच गेला. सुप्रिया आणि तो एका ताटात जेवून वाढले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "उजवा इंडिकेटर लावल्यावर काय होतं हो, मोहनराव?"

माझा डबा घेऊन मंदाकिनी उभी होती. माझी बायको. तंत्रनिकेतनात वीज शिकवायची. निवृत्त झाल्यापासून घरातली एकही वस्तू बिघडायची हिंमत करत नाही, त्यामुळे ती कायम थोडी चिडलेली असते.

"व्हय वैनी, त्येची बी गंमतच हाय," मोहनराव म्हणाले. "इंडिकेटर लुकलुकतच न्हाय. मंद जळत ऱ्हातो. आन् शेजारचा बारका पार्किंगचा दिवा लुकलुकतो!"

मंदाकिनीनं डबा माझ्या हातात दिला. तिचे डोळे असे चमकले की मी जेवणाची आशा सोडली.

"चला सांगवीला," ती म्हणाली.

२. तार जोडली आणि घात झाला

वाटेत मी गप्पा मारत होतो. पोटात अन्न नसलं की मी पेशंटांच्या चहाड्या करतो. कौसल्याबाई नावाच्या एक पेशंट बारीक होण्यासाठी सकाळ-संध्याकाळ लिंबाची फोड चोखतात, आणि त्यांच्या पुढच्या दातांचं पार भुस्कट झालंय, हे मी तिला रंगवून सांगितलं. ती "हं" म्हणाली. तिचं लक्ष नाही असं मला वाटलं. तीस वर्षं मी हीच चूक करतो आहे.

सांगवीत मोहनरावांच्या अंगणात मांडव चढत होता. एका बाजूला टोमॅटोचे क्रेट, दुसऱ्या बाजूला आचाऱ्याच्या कढया, आणि मधोमध ती आरोपी गाडी. सुप्रिया हातावर ओली मेंदी घेऊन आली. दोन्ही हात वर धरलेले, डोळे रडून सुजलेले.

"काकू, दादानं नाही केलं हो," ती म्हणाली. "तो स्वतः चालवत होता. स्वतःच्याच गाडीचा दिवा कोण बंद करेल?"

"ते बघू," मंदाकिनी म्हणाली. "आधी गाडीला विचारते."

तिनं बॉनेट उघडलं. उजवा बल्ब काढून डावीकडं लावला, तर पेटला. डावीकडचा उजवीकडं लावला, तर आंधळा. म्हणजे बल्ब निर्दोष. फ्यूज चांगला. दिव्याला येणारी वीज मीटरवर पुरेपूर. मग तिनं पर्समधून एक लांब तार काढली. माझ्या बायकोच्या पर्समध्ये पावडर नसते, तार असते. तारेचं एक टोक उजव्या दिव्याच्या काळ्या वायरीला लावलं आणि दुसरं डावीकडं बॅटरीच्या ऋण टोकाला.

उजवा दिवा भप्पकन् पेटला. आचारीसुद्धा झारा टाकून बघायला आला.

"वीज दिव्यात जाते, तशी तिला परत बॅटरीकडं यावंही लागतं," मंदाकिनी म्हणाली. "ह्या बाजूच्या मोठ्या दिव्याला, पार्किंगला आणि इंडिकेटरला जायच्या वाटा वेगवेगळ्या, पण परतायची वाट एकच. तीच बंद पडलीय. मग बिचारी वीज शेजारच्या दिव्यातून वाट शोधत फिरते, म्हणून एक लावला की दुसराच लुकलुकतो. तिघं एकदम वेडे झाले तर तिघांची तपासणी करायची नसते. त्यांची सामाईक वाट बघायची असते."

"म्हंजी लेकीला सासरी धाडलं आन् म्हायेरची वाटच मोडली," मोहनराव म्हणाले, आणि सुप्रियाकडं बघून एकदम गप्प झाले.

ती वाट म्हणजे उजव्या दिव्यामागं पत्र्यावर आवळलेला एक बोल्ट. अर्थिंगचा. मंदाकिनीनं टॉर्च मारला. बोल्टावर पांढरट-हिरवी साय धरली होती. बोटानं हलवला तर ढिला. आणि त्याच्या कडा ओरबाडलेल्या होत्या, पुन्हा पुन्हा.

"उंदीर असेल," मी म्हणालो. बोल्टाशेजारच्या फटीत मला मिरचीचा एक सुकलेला देठ दिसला होता. मी तो विजयानं उचलून दाखवला. "हा बघा, उंदरानं आणलेला खाऊ."

"उंदीर वायर खातो," मंदाकिनी म्हणाली, "पण पक्कड घेऊन बोल्ट ढिला करत नाही. हे माणसाचं काम आहे."

मोहनरावांनी मांडीवर थाप मारली. "मी काय म्हनत हुतो! घरात वायरिंगमधलं कळतंय कुनाला? एकट्या दिग्विजयला!"

सुप्रियानं आमच्याकडं असं बघितलं की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मदत करायला येऊन आम्ही पोराच्या गळ्यात फासच अडकवला होता.

३. गेणू, आजी आणि एक नमस्कार

मंदाकिनीनं मिरचीचा देठ रुमालात बांधला आणि चौकशी सुरू केली. चौकशी म्हणजे ओसरीवर बसून चहा पिणं. मला शेव मिळाली, त्यामुळं माझी काही तक्रार नव्हती.

"ह्या दिवसांत गाडीजवळ कोण कोण आलं?" तिनं सुप्रियाला विचारलं.

सुप्रिया घुटमळली. मग हळूच म्हणाली, "गेणूकाका."

हे ऐकून मोहनराव ताडकन् उठले. गेणू म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी. पाण्याच्या पाळीवरून दोघांचं फाटलेलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. "त्यो? माझ्या अंगनात?"

"दोनतीनदा बघितला मी, तात्या. शनिवारी सकाळी, तुम्ही मळ्यात असताना. आणि गाडी गॅरेजला निघायची असली की त्याच्या आधी. बॉनेट उघडून काहीतरी करत होता. मला बघितल्यावर हसला आणि गेला. तुम्ही चिडाल म्हणून मी बोलले नाही."

"गॅरेजला जायच्या आधी?" मंदाकिनीनं कप खाली ठेवला. "आणि दिवे बिघडायचे केव्हा?"

सुप्रियानं आठवून बघितलं. "शनिवार-रविवारीच. साखरपुडापण रविवारीच होता."

आता मला राहवेना. "म्हणजे गेणू शनिवारी बोल्ट ढिला करतो, आणि गॅरेजवाल्याला कळू नये म्हणून आधी येऊन पुन्हा आवळून जातो! सरळ आहे!"

"पुन्हा आवळायचा तर बिघडवायचा कशाला?" मंदाकिनी म्हणाली. "वैर असतं तर त्यानं वायरच तोडली असती."

मी शेवेकडं वळलो.

मग दिग्विजयनं स्वतः बसवलेले धुक्याचे पिवळे दिवे तिनं वाकून तपासले. प्रत्येक जोड टेप लावून बांधलेला, आणि परतीची तार थेट बॅटरीला नेलेली. शेडमध्ये त्याची पान्यांची पेटी होती. एकेक पाना फडक्यानं पुसून खणात ठेवलेला.

"ज्याच्याकडं असे पाने आहेत," ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली, "तो पक्कडीनं बोल्ट ओरबाडेल?"

इतक्यात द्वारकाबाई बाहेर आल्या. मोहनरावांच्या आई. कमरेत वाकलेल्या, पण नजर घारीची. अंगण ओलांडताना त्या गाडीपाशी थांबल्या, बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यावर हात ठेवला, तोच हात कपाळाला लावला, आणि आमच्याजवळ येऊन बसल्या.

"आजी, गेणू इथं कशाला येतो?" मंदाकिनीनं विचारलं.

"गेन्या? मला न्हाय ठाव, बाय," आजी म्हणाल्या आणि पदराचं टोक फार बारकाईनं बघायला लागल्या. मग एकदम म्हणाल्या, "पर माझ्या दिग्यानं काय बी केल्यालं न्हाय. त्येला आना रं घरी. पोरगं जेवलं का न्हाय कुनाला ठावं." आणि त्यांना रडू फुटलं.

परतताना बारामती जवळ आल्यावर मंदाकिनीनं अचानक विचारलं, "त्या कौसल्याबाई लिंबाची फोड दातांवरच धरतात का हो?"

"हो. का?"

"काही नाही. उद्या शनिवार आहे. हळदीला जरा लवकरच जाऊ या. मला गुन्हेगार सापडलाय."

"कोण?"

तिनं काच खाली केली आणि वारा खात बसली. अशा बायकोबरोबर मी संसार केला आहे.

४. मूठ

शनिवारी सकाळी अंगणात जात्याला सुपारी बांधून हळद दळायची तयारी चालली होती. मंदाकिनीनं मोहनरावांना मळ्यात जाऊ दिलं नाही. आम्ही तिघं टोमॅटोच्या क्रेटांमागं दबा धरून बसलो. माझ्या वयाला आणि पोटाला ते शोभत नव्हतं. सुप्रियालाही यायचं होतं, पण तिला बायकांनी पाटावर जखडून ठेवलं होतं.

कुंपणाच्या फटीतून गेणू आत आला. उंच, लुकडा माणूस. इकडं तिकडं बघून त्यानं बॉनेट उघडलं आणि खिशातून पक्कड काढली. दुसरा हात मात्र त्यानं पाठीमागं धरला होता, मूठ आवळून.

"सापडला चोर!" मोहनराव क्रेटावरून उडीच मारून बाहेर आले. दोन किलो टोमॅटो आमच्या अंगावर. "माझ्या लेकीच्या लग्नात इघ्न घालतोस व्हय रं?"

बायका धावल्या, जात्याचा खुंटा हातात तसाच. गेणू पांढराफटक पडला, पण पाठीमागची मूठ त्यानं आणखीच आवळली.

"गेणूभाऊ," मंदाकिनी शांतपणे म्हणाली, "मूठ उघडा."

"न्हाय वैनी. शप्पत घातलीया."

"कुणी?" मोहनराव गरजले.

"उघड रं गेन्या," मागून आवाज आला. द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. "माझी शप्पत सुटली. उघड."

गेणूनं मूठ उघडली.

५. लिंबाचा जबाब

मुठीत एक टपोरं पिवळंधम्मक लिंबू होतं आणि काळा दोरा गुंडाळलेल्या तारेत ओवलेल्या हिरव्यागार मिरच्या.

मंदाकिनीनं रुमालातला सुकलेला देठ काढून त्या मिरच्यांशेजारी धरला.

"बॅटरी डाव्या बाजूला आहे," ती म्हणाली, "म्हणजे उजव्या बोल्टावर आम्ल पडायचं काही कारण नाही. डावा बोल्ट स्वच्छ, उजवा खाल्लेला. काल ह्यांनी सांगितलं, लिंबानं कौसल्याबाईंचे दात गेले. जे दातांचं झालं तेच बोल्टाचं. शिवाय मिरचीचा देठ. शिवाय शनिवार. आणि गाडीला नमस्कार करायचा तर माणूस मधोमध करतो. आजींनी उजव्या कोपऱ्याला केला, कारण त्यांचा देव तिथं आत बसला होता."

"आई?" मोहनरावांचा आवाज पार उतरला. "मी म्हनलं हुतं ना, गाडीला मिरच्या बांधायच्या न्हाईत! इंदापूरची मान्सं शिकलेली. हसतील आपल्याला."

"तू म्हनलास, मिरच्या दिसता कामा न्हाईत," आजी म्हणाल्या. "दिसल्या का?"

मला हसू आवरेना. आचारी तर मोकळेपणानं हसत होता.

मग सगळं बाहेर आलं. बाहेर बांधता येईना म्हणून आजींनी आत बांधायचं ठरवलं. बॉनेट उघडायला आणि तार अडकवायला घरातला माणूस घेतला तर मोहनरावांना कळलं असतं, म्हणून त्यांनी गेणूला गाठलं. लहानपणी त्याची आई आजारी असताना आजींनीच त्याला भाकरी करून घातली होती. मोहनरावांशी वैर असलं तरी आजींचा शब्द त्याला मोडवेना. तार बांधायला त्याला तो बोल्ट सोयीचा वाटला. दर शनिवारी ढिला करायचा, जुनं लिंबू काढून तिठ्यावर टाकायचं, नवं बांधायचं. चेंगरलेल्या लिंबाचा रस थेंब थेंब बोल्टावर. गाडी गॅरेजला निघाली की मेस्त्रीला दिसू नये म्हणून तो आधी येऊन लिंबू काढून बोल्ट आवळून द्यायचा, आणि गॅरेजवाले नव्या बल्बची शाबासकी घ्यायचे. गेल्या शनिवारचं लिंबू मात्र गाडी चारीत पडताना गळून गेलं होतं, म्हणून आम्हाला नुसता देठ आणि ढिला बोल्ट सापडला.

"पण आजी," मंदाकिनीनं त्यांच्या शेजारी बसत विचारलं, "एवढा खटाटोप कशासाठी?"

आजींचा हात गाडीच्या दिशेनं उठला आणि तसाच राहिला. "माझा थोरला गेला, त्येच्या मोटारसायकलीला काय बी बांधल्यालं नव्हतं. त्या दिशी शनवार हुता. मी म्हनलं हुतं त्येला, थांब, लिंबू बांधते. त्यो म्हनला, आल्यावर बांध." त्यांनी डोळे पुसले. "आता दिग्या गाडी चालवतो. म्या बांधनारच. ट्रॅक्टर नुसता चाटून गेला, त्यो ह्या लिंबामुळंच!"

ट्रॅक्टर कशामुळं अंगावर आला हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. मंदाकिनीचीही नाही, आणि मी तिच्यावर त्या दिवशी जेवढं प्रेम केलं तेवढं फार कमी वेळा केलं असेल.

मोहनराव मात्र मटकन् क्रेटावर बसले. "आन् म्या पोराला चोर म्हनलं," ते म्हणाले. "बाप नसलेल्या पोराला."

ते उठले, पटका सारखा केला. "माळेगावला जातो. आत्ता. पर गाडी तर..."

"बसा मागं," गेणू खाली बघत म्हणाला. "माझी फटफटी हाय."

पाण्याच्या पाळीवरून फाटलेले ते दोघं एका फटफटीवर बसून निघाले. मोहनरावांनी आधी मागचा दांडा धरला होता. वळणावर गेणूनं जरा जोरात काढली तेव्हा त्यांनी त्याचा खांदा धरला. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तासाभरात फटफटीवर तिघं परत आले. मधे दिग्विजय. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. काका-पुतण्यांचे डोळे लाल होते आणि गेणू उगाचच आकाशाकडं बघत होता. दिग्विजय आधी आजीच्या पाया पडला. मग त्यानं बाह्या सारल्या, पॉलिशपेपरनं पत्रा चकचकीत घासला, बोल्ट नवा घातला, आपल्या पान्यानं आवळला आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. उजवा दिवा डाव्यासारखाच पेटला. इंडिकेटर टिक-टिक लुकलुकला.

"आणि हे?" त्यानं लिंबू-मिरचीची माळ उचलली. सगळे मोहनरावांकडं बघायला लागले.

"बांध म्होरं," मोहनराव म्हणाले. "बंपरवर. समद्यांना दिसंल आशी."

रविवारी दुपारी इंदापूरकर आले. नवरदेव अविराजच्या वडिलांची मोठी गाडी सगळ्यांत पुढं होती. तिच्या बंपरला नारळाएवढ्या लिंबांची भली मोठी माळ लटकत होती. मोहनरावांनी ती बघितली, मग आईकडं बघितलं. आजी पदराआड हसत होत्या.

लग्न लागलं. मी पेढ्यांचा माझा हिशोब चुकता केला. तिन्हीसांजेला पाठवणी झाली. अविराज कुरकुर न करता मागच्या सीटवर सुप्रियाशेजारी बसला, पुढं दिग्विजय. सुप्रिया बापाच्या गळ्यात पडून रडली, पण मोहनराव रडले नाहीत. ताठ उभे राहिले. "जा, ये लवकर," एवढंच म्हणाले.

गाडी अंगणातून निघाली, बोळ ओलांडून डांबरी रस्त्यावर उजवीकडं, इंदापूरच्या दिशेला वळली. दोन्ही दिवे लख्ख. उजवा इंडिकेटर पिवळा लुकलुकला. वळण संपलं, गाडी सरळ रस्त्याला लागली, उसाच्या कडेकडेनं लांब जाऊ लागली, तरी इंडिकेटर लुकलुकतच होता.

"बंद करायला इसरलं बेनं," मोहनराव म्हणाले, आणि आवाज फुटला.

द्वारकाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "इसरलं न्हाय रं," त्या म्हणाल्या. "तुला दावतंय."